एकच हिट, तीस वर्षं: ग्रेटफुल डेडची कारकीर्द साउंडवाल्याच्या बाजूने

प्रश्न थोडक्यात असा: ग्रेटफुल डेडला अमेरिकेतला एवढा मोठा बँड का मानतात? स्टुडिओ अल्बम ऐकले तर त्यात तसं काही सापडत नाही. टॉप टेनमध्ये आयुष्यात एकच गाणं गेलं, तेही बँड सुरू झाल्यावर बावीस वर्षांनी. मग हे लोक तीस वर्षं चालले कशावर? आणि ऐकायचंच असेल तर सुरुवात कुठून करायची?

स्टुडिओ अल्बम ऐकून तुमची निराशा झाली याचं मला नवल वाटत नाही. खुद्द बँडमधल्या मंडळींनाही त्यातले बरेचसे फारसे पटलेले नव्हते. मी लाइव्ह साउंड करतो, बहुतेक काम पुण्या-मुंबईत. त्यांच्या स्पीकरांबद्दल काहीतरी वाचलं आणि त्याचा माग काढत डेडपर्यंत पोहोचलो, त्यामुळे माझं उत्तर थोडं एकतर्फी असणार. पण माझं मत ठाम आहे: या बँडची कारकीर्द अल्बमच्या यादीवरून कळत नाही. १९६५ ते १९९५ या काळात त्यांनी २३०० हून जास्त कार्यक्रम केले आणि जे काही मोठे निर्णय घेतले ते जवळजवळ सगळे स्टेजकडे बघून घेतले. पैसा त्यातून आला, कर्जही त्यातूनच झालं, आणि माणसं झिजली तीही त्यापायीच.

सुरुवात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोची. डेना मॉर्गनच्या वाद्यांच्या दुकानात जेरी गार्सिया गिटार आणि बँजो शिकवायचा. लहानपणी भावाच्या हातून कुऱ्हाड बसून त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट बरंचसं तुटलेलं, तरी बोटं अशी चालायची की बघत राहावं. बॉब वीर नावाचा पोरगेला गिटारवाला आणि रॉन मॅककर्नन उर्फ पिगपेन हा ब्लूज गाणारा, हार्मोनिका-ऑर्गन वाजवणारा गडी हे दोघं आधीच त्याच्या जग बँडमध्ये (मडक्यासारख्या जगमध्ये फुंकून ताल धरणारा लोकसंगीताचा बँड) होते. इलेक्ट्रिक व्हायचा आग्रह पिगपेनचा. ड्रमवर बिल क्रॉइट्समन आला, बेसवर दुकानदाराचा मुलगा, आणि ॲम्प्लिफायर अर्थातच दुकानातले. मे १९६५ मध्ये मेन्लो पार्कच्या एका पिझ्झाच्या दुकानात ‘वॉरलॉक्स’ या नावाने पहिला कार्यक्रम झाला. लवकरच दुकानदाराच्या मुलाच्या जागी फिल लेश आला. त्याने तोवर बेस कधी हातातही धरला नव्हता. तो ट्रम्पेटवाला, पुढे आधुनिक पाश्चात्त्य रचनासंगीत शिकलेला. रॉकमधला बेसवाला सहसा ड्रमला धरून खुंटा रोवून उभा असतो. लेश गार्सियाच्या सुरावटीच्या खालून आपली दुसरीच सुरावट विणत जायचा. डेडचा साउंड एवढा अवघड का, याचं निम्मं उत्तर या एका माणसात आहे.

‘वॉरलॉक्स’ नावाचा दुसरा बँड निघाला म्हणून शब्दकोश उघडून नवं नाव शोधलं आणि १९६५ च्या डिसेंबरात ‘ग्रेटफुल डेड’ म्हणून वाजवायला सुरुवात झाली, लेखक केन कीसीच्या ‘ॲसिड टेस्ट’ पार्ट्यांत. एलएसडी (भास घडवणारं नशेचं रसायन, त्यालाच ‘ॲसिड’ म्हणत) तेव्हा कॅलिफोर्नियात बेकायदा नव्हतं, ते झालं ऑक्टोबर १९६६ मध्ये. नशेच्या कहाण्या सगळीकडे मिळतील. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: या पार्ट्यांत बँडवर कसलंच बंधन नव्हतं. तिकीट बँडच्या नावावर विकलेलं नाही, गाण्यांची यादी नाही, वेळेचं बंधन नाही. वाटलं तर तासभर एकच गाणं वाजवा, नाहीतर पाच मिनिटांत उठून जा. कोणत्याही नव्या बँडला पहिल्या वर्षी अशी मोकळीक मिळत नाही. आपल्याकडे तर आयोजक साउंडचेकलाच घड्याळ दाखवतो. ती सवय त्यांना जन्मभर लागली, आणि रेकॉर्ड कंपनीच्या लोकांचं डोकं फिरायला तीच कारणीभूत.

वॉर्नर ब्रदर्ससाठी त्यांनी १९६७ मध्ये पहिला अल्बम केला तो घाईघाईचा, सगळ्या गाण्यांची लय पळती. दुसऱ्याच्या वेळी निर्माता डेव्ह हॅसिंजर काम अर्ध्यावर सोडून निघून गेला. बॉब वीरने स्टुडिओत ‘जड हवेचा आवाज’ मागितला आणि तिथे त्याचा धीर सुटला, अशी गोष्ट सांगतात. मग बँडने स्वतःच वेगवेगळ्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग आणि स्टुडिओतलं वाजवणं एकावर एक चढवून तो अल्बम पुरा केला. तिसऱ्या अल्बमच्या वेळी सोळा ट्रॅकचं, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे टिपणारं, रेकॉर्डिंगचं यंत्र नुकतंच आलेलं. पोरांच्या हाती नवं खेळणं पडलं, सगळं पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं, आणि कंपनीचं देणं एक लाख ऐंशी हजार डॉलरच्या घरात गेलं.

त्यातून बाहेर काढलं ते स्टेजनेच. तेच सोळा ट्रॅकचं यंत्र उचलून त्यांनी १९६९ च्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूममध्ये आणि फिलमोर वेस्टला नेलं. त्यातून निघालेला ‘लाइव्ह/डेड’ स्वस्तात झाला. शिवाय डेड म्हणजे काय हे ज्यात पहिल्यांदा नीट ऐकू येतं असा अल्बमही तोच. त्यातलं ‘डार्क स्टार’ रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापणारं, तेवीस मिनिटांचं आहे. ‘द इलेव्हन’ अकरा मात्रांत चालतं, आणि तिथे आपल्या बाजूचा एक धागा येतो.

दुसरा ड्रमर मिकी हार्ट १९६७ च्या सप्टेंबरात बँडमध्ये आला. त्याच सुमारास तो उस्ताद अल्लारखांच्या तबल्याने झपाटला आणि त्यांच्याकडे शिकला. विषम मात्रांचं वेड बँडमध्ये शिरलं ते प्रामुख्याने त्याच्यामुळे. पुढे अल्लारखांचे चिरंजीव, मुंबईत वाढलेले झाकीर हुसेन, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अली अकबर खाँसाहेबांच्या संगीत विद्यालयात शिकवायला गेले. तिथल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात हार्ट सामील झाला आणि १९७६ मध्ये ‘दिगा ऱ्हिदम बँड’चा अल्बम आला. त्यातल्या दोन तुकड्यांवर गार्सियाने गिटार वाजवली आहे. त्यांतलाच एक तुकडा पुढे शब्द लागून ‘फायर ऑन द माउंटन’ म्हणून डेडच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं वाजला. हार्ट आणि झाकीरभाईंची जोडी पुढेही टिकली. १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’ला जागतिक संगीताच्या विभागातलं पहिलंवहिलं ग्रॅमी मिळालं. त्यात घटमवर विक्कू विनायकरामही होते.

१९७० मध्ये मात्र एक चमत्कार झाला. ज्यांना स्टुडिओत काही जमत नव्हतं त्यांनी एकाच वर्षात ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’ असे दोन नीटनेटके, छोट्या गाण्यांचे अल्बम काढले. शब्द रॉबर्ट हंटरचे. हा स्टेजवर कधी न येणारा पण बँडचा सदस्यच मानला गेलेला गीतकार. खाणकामगार, जुगारी, रेल्वेवाले अशी जुनी अमेरिकी माणसं त्याच्या गाण्यांत येतात. मला विचाराल तर स्टुडिओतलं डेड या दोन अल्बमांवर संपलं तरी चालेल. त्याच काळात घरचाच घोटाळा उघडकीला आला. मिकी हार्टचे वडील लेनी हार्ट बँडचे व्यवहार बघत होते. त्यांनी दीड लाखाहून जास्त डॉलर लंपास केले. बापाच्या करणीची लाज मनाला लावून घेऊन मिकी १९७१ च्या फेब्रुवारीत बँड सोडून गेला. बाकीच्यांनी त्याला जा म्हटलं नव्हतं. तो पुरता परतला १९७४ च्या ऑक्टोबरनंतरच.

आता मी ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं तो भाग.

१९७१ च्या लाइव्ह अल्बमच्या आतल्या बाजूला बँडने चाहत्यांना एक निरोप छापला: तुम्ही कोण, कुठे, कसे आहात ते कळवा, नाव-पत्ता पाठवा, आम्ही तुम्हाला खबर देत राहू. पत्रांचा ढीग लागला. हजारो पत्त्यांची यादी तयार झाली आणि बँडचं बातमीपत्र त्या पत्त्यांवर जाऊ लागलं. रेडिओ, रेकॉर्ड कंपनी, वर्तमानपत्र या तिघांनाही वगळून श्रोत्यांशी थेट व्यवहार सुरू झाला, आणि तोही इंटरनेटच्या कितीतरी आधी. ‘एकच हिट असून चालले कशावर’ याचं कोरडं, व्यवहारी उत्तर हवं असेल तर ते या यादीत आहे.

याच काळात श्रोते वाढत होते आणि साउंड कमी पडत होता. तेव्हाची पद्धत अशी की स्टेजच्या दोन बाजूंना स्पीकरांचे ढीग रचायचे, सगळी वाद्यं आणि गळे एकत्र कालवून त्यांतून सोडायचे, आणि वाजवणाऱ्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून पायाशी मॉनिटर ठेवायचे. लोकांना एक ऐकू येतं, कलाकाराला दुसरंच. आउझली स्टॅनली, ज्याला सगळे ‘बेअर’ म्हणत, त्याला हे मुळातच मान्य नव्हतं. हा गृहस्थ एलएसडी बनवण्यासाठी कुप्रसिद्ध, त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला, पण त्याचे कान भारी. त्याचं म्हणणं: जे वाजवणाऱ्याला ऐकू येतं तेच शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी सगळे स्पीकर बँडच्या पाठीमागे उभे करा.

ऐकायला सोपं वाटतं, पण कुठल्याही साउंडवाल्याला विचारा. माईकच्या मागे स्पीकर म्हणजे स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी ठरलेली. त्यांनी केलं ते असं. प्रत्येक गायकापुढे एकाच दांड्यावर वर-खाली दोन माईक, दोघांची जोडणी एकमेकांच्या उलट फेजमध्ये, म्हणजे एकाची लहर वर तेव्हा दुसऱ्याची खाली. गायक गाणार फक्त वरच्या माईकमध्ये, अगदी ओठ टेकवून. मागच्या भिंतीतून येणारा गडगडाट दोन्ही माईकमध्ये जवळजवळ सारखाच शिरतो, उलट फेजमुळे एकमेकांना खाऊन टाकतो, आणि उरतो तो गळा. मी ही युक्ती एका रिकाम्या हॉलमध्ये करून पाहिली आहे. चालते. पण गायकाने तोंड जरा बाजूला नेलं की त्याचा आवाजही त्या बेरीज-वजाबाकीत सापडतो आणि पातळ होतो. १९७४ च्या टेपांवर गळे थोडे किनरे लागतात त्याचं कारण हेच.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र स्पीकर. गार्सियाच्या गिटारच्या खांबातून फक्त गार्सियाची गिटार, पियानोच्या गटातून फक्त पियानो, गळ्यांना वेगळा गट. एकाच स्पीकरच्या पडद्याला बेसचा धक्का आणि गायकाचा बारीक स्वर दोन्ही एकदम पेलावे लागतात तेव्हा जो गढूळपणा येतो, तो इथे येतच नाही, कारण मिसळण होते ती हवेत. लेशच्या बेसची तर प्रत्येक तार वेगळी काढून वेगळ्या चॅनेलला देता येई. शिवाय स्पीकर एकावर एक उभ्या रांगेत रचल्याने आवाज वर-खाली फुकट न जाता समोर लांबवर जायचा. आज मोठ्या कार्यक्रमांत स्टेजच्या दोन्ही अंगांना केळ्याच्या घडासारखे टांगलेले जे लाइन ॲरे दिसतात, त्यांचं तत्त्व हेच. ती पद्धत बाजारात रुळली १९९० च्या दशकात.

या सगळ्याच्या मागे बेअरबरोबर डॅन हीली आणि अलेम्बिक या वाद्यं आणि साउंडची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे रॉन विकरशॅम, रिक टर्नर अशी डोकी होती. फेब्रुवारी १९७३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मेपल्स पॅव्हिलियनमध्ये आधीची एक मांडणी जाहीरपणे लावली, आणि पहिल्याच गाण्याच्या पहिल्या फटक्याला सगळे ट्वीटर (उंच, बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) उडाले. वर्षभर खपून पूर्ण भिंत उभी राहिली ती २३ मार्च १९७४ ला, सॅन फ्रान्सिस्कोला खेटून असलेल्या काउ पॅलेसमध्ये. सहाशेच्या आसपास स्पीकर, मॅकिन्टॉशचे ॲम्प्लिफायर, एकूण शक्ती २६ हजार वॅटच्या वर, वजन सुमारे ७५ टन, उंची तीन मजल्यांएवढी. लोक तिला ‘वॉल ऑफ साउंड’ म्हणू लागले. एक खुलासा: समोर मिक्सर घेऊन बसलेला माणूस इथे जवळजवळ बेकार होता. प्रत्येक वादक आपला आवाज आपणच कमी-जास्त करायचा. माझ्या धंद्याला हे फारसं रुचणारं नाही, पण त्या टेपा ऐकल्यावर वाद घालवत नाही.

खर्चाचं काय? भिंत वाहून न्यायला चार मोठे ट्रेलर आणि एकवीस माणसं. रचायला इतका वेळ लागे की स्टेजचे दोन सांगाडे ठेवावे लागले. एका गावी कार्यक्रम चालू असताना दुसरा पुढच्या गावी उभा होत असे. वरून १९७३ च्या तेलसंकटामुळे डिझेल भडकलेलं. एवढ्या माणसांचे पगार काढायचे तर मोठी मैदानं घ्यायची, मोठ्या मैदानांसाठी मोठा साउंड हवा, मोठ्या साउंडसाठी आणखी माणसं. त्याच वेळी त्यांनी वॉर्नर सोडून स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली होती. आइस्क्रीमच्या गाड्यांतून रेकॉर्ड विकायची कल्पनाही त्यात गांभीर्याने मांडली गेली. कंपनी १९७६ पर्यंत बसली. भिंत त्याआधीच पडली. १९७४ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडला सलग पाच रात्री वाजवून बँडने बेमुदत सुट्टी जाहीर केली आणि ती भिंत पुन्हा कधी उभी राहिली नाही. जगातला तेव्हाचा सर्वोत्तम साउंड एक वर्षसुद्धा टिकला नाही.

त्याआधीची वर्षं घाईत सांगतो, कारण ती तुम्ही ऐकूनच कळतील. पियानोवर कीथ गॉडशॉ १९७१ मध्ये आला, त्याची पत्नी डॉना जीन गायला लागली. १९७२ च्या वसंतात युरोपचा बावीस कार्यक्रमांचा दौरा झाला, त्यातून तीन रेकॉर्डचा अल्बम निघाला. पिगपेनचा तो शेवटचा दौरा. पिऊन पिऊन शरीर पोखरलेलं. मार्च १९७३ मध्ये तो गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनला ऑलमन ब्रदर्स आणि द बँड यांच्यासोबत डेड वाजवले आणि तिथे सहा लाख माणूस जमलं. १९६९ च्या गाजलेल्या वुडस्टॉक संगीतमहोत्सवापेक्षा जास्त. वुडस्टॉकला स्वतः डेड भयंकर वाजले होते. पाऊस, अर्थिंगचा घोळ, गिटारला हात लावला की झटके.

आता टेपांबद्दल.

प्रेक्षकांतले काही जण पहिल्यापासून रेकॉर्डर लपवून आणायचे. इतर बँड अशांना पकडून बाहेर काढत. डेडच्या माणसांनीही कधीमधी केबल कापल्या, पण गार्सियाची भूमिका अशी की आमचं वाजवून झालं, आता ते त्यांचं. १९८४ च्या ऑक्टोबरपासून तर बर्कलीच्या कार्यक्रमांपासून टेपवाल्यांसाठी मिक्सरच्या मागे राखीव जागा आणि वेगळी तिकिटं सुरू झाली. यात उदारपणा होता तसा व्यवहारही होता: टेपवाले मिक्सरच्या पुढे उंच दांड्यांवर माईकचं रान उभं करत आणि डॅन हीलीला स्टेजच दिसेना. अट एकच, टेप विकायची नाही. मग देवाणघेवाणीची एक शिस्त तयार झाली. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरचा भरून देणार. कॅसेट नव्वद मिनिटांची, पंचेचाळीस मिनिटांनी बाजू पालटायची. म्हणून कितीतरी जुन्या टेपांत ऐन रंगात आलेलं गाणं खटकन तुटतं आणि दोन-चार सेकंदांनी पुढे सुरू होतं. वर तारीख, गाव, गाण्यांची यादी आणि ही कितवी नक्कल हे बॉलपेनने लिहिलेलं. तिसऱ्या-चौथ्या नकलेनंतर सरसर आवाज गाण्याच्या वर यायचा.

आपल्याकडे भीमसेनअण्णांच्या किंवा कुमारजींच्या खासगी मैफलींची रेकॉर्डिंग जाणकारांत हातोहात फिरायची, ‘त्या रात्रीचा मालकंस’ असं म्हणून. इथेही तसंच. एकच गाणं रोज वेगळं वाजतं म्हटल्यावर कालची टेप मिळाली म्हणून उद्याचं तिकीट कोणी सोडत नाही, उलट दोन तिकिटं जास्त काढतो. रेकॉर्ड कंपन्यांना ज्याची भीती वाटायची तीच टेप डेडची फुकट जाहिरात झाली. १९८३ पासून तिकिटंही टपालाने थेट विकायला लागले. तोवर पत्त्यांची यादी होतीच.

या टेपांतली सगळ्यात गाजलेली रात्र ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. ती चांगली वाजली हे खरं, पण एवढी पसरली ती बेटी कँटर-जॅक्सनमुळे. ही बँडची स्वतःची रेकॉर्डिस्ट. तिने मिश्रण इतकं स्वच्छ केलंय की आजही मी नवीन मुलांना ते ऐकवतो. पुढे तिचे दिवस फिरले, गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ मध्ये तिच्या शेकडो टेपा लिलावात अनोळखी लोकांच्या हाती गेल्या. तिथून त्यांच्या नकला फुटल्या. कॉर्नेलचा कार्यक्रम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत घेतला, आणि बँडने तो अधिकृतपणे बाजारात आणला २०१७ मध्ये. चाहत्यांकडे तोवर चाळीस वर्षं होता. मला स्वतःला १९७७ पेक्षा १९७२ ते ७४ चं डेड जास्त आवडतं, एकाच ड्रमरमुळे बँड हलका होऊन वळायचा. पण हा वाद डेडहेड मंडळींत, म्हणजे डेडच्या कट्टर चाहत्यांत, कधी मिटलेला नाही.

१९७८ मध्ये ते इजिप्तला गेले आणि गिझाला पिरॅमिडपाशी तीन रात्री वाजवले, शेवटच्या रात्री चंद्रग्रहण. मोठ्या पिरॅमिडच्या राजकक्षात स्पीकर-माईक ठेवून त्याची एको चेंबर (आवाज घुमवणारी खोली) करायची, असा घाट घातला. केबलने दगा दिला. पियानो बेसूर, क्रॉइट्समनचं मनगट मोडलेलं, पैसे बुडाले, ठरलेला लाइव्ह अल्बम रद्द. असा कार्यक्रम करायला जाणारी माणसं मला आवडतात, पण मी त्यांचा हिशेबनीस असतो तर रडलो असतो.

गॉडशॉ दांपत्य १९७९ मध्ये बाहेर पडलं आणि कीथ पुढच्याच वर्षी गाडीच्या अपघातात गेला. त्याच्या जागी ब्रेंट मिडलंड आला. ऐंशीच्या दशकाचा पहिला अर्धा म्हणजे गार्सियाची हेरॉइनची सवय आणि उतरती तब्येत. जुलै १९८६ मध्ये तो मधुमेहाच्या कोमात गेला. शुद्धीवर आला तेव्हा हात गिटार विसरले होते. मर्ल सॉन्डर्स या जुन्या कीबोर्डवाल्या मित्राने शेजारी बसून त्याच्याकडून स्वर-कॉर्ड पुन्हा गिरवून घेतले, आणि डिसेंबरात तो पुन्हा डेडबरोबर स्टेजवर उभा राहिला.

आणि मग तो हिट. ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणं ते १९८२ पासून वाजवत होते. १९८७ चा ‘इन द डार्क’ करताना त्यांनी स्टुडिओ टाळला. मरिन काउंटीतल्या एका रिकाम्या नाट्यगृहाच्या स्टेजवर, कार्यक्रमासारखी मांडणी करून मूळ ट्रॅक वाजवले. मी जे सुरुवातीपासून सांगतोय ते इथे कंपनीलाही पटलं असावं. गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं. कळसूत्री सांगाडे बँड वाजवतात असा त्याचा व्हिडिओ एमटीव्हीवर दिवसभर. मरणाच्या दारातून आलेला माणूस ‘मी तगून राहीन’ अशा अर्थाचं गाणं गातोय म्हटल्यावर लोक येणारच.

लोक आले, आणि तिथून गाडं घसरलं. नवीन गर्दीला आतल्या संगीतापेक्षा बाहेरच्या पार्किंगमधल्या जत्रेत रस. तिकीट नसलेले हजारो लोक नुसते बाहेर जमायचे. गावोगावचे पोलीस आणि नगरपालिका वैतागल्या. बँडने बाहेरची विक्री आणि तंबू बंद करायला पत्रकं काढली. आत स्टेडियमची तिकिटं भराभर संपत होती. नव्वदच्या दशकात ते दौऱ्यांतून सर्वाधिक कमाई करणाऱ्या अमेरिकी बँडांपैकी एक होते. पण कचेरी, कामगार, त्यांचे विमे, त्यांची कुटुंबं असा मोठा कबिला त्या कमाईवर उभा होता. १९७४ मध्ये थकल्यावर थांबता आलं होतं, आता थांबणं परवडेना. १९९० च्या जुलैत ब्रेंट नशेच्या अतिरेकाने गेला. सप्टेंबरात नवीन कीबोर्डवाला घेऊन दौरा सुरू. या एका गोष्टीबद्दल मी त्यांना माफ करू शकलेलो नाही.

१९९५ चा उन्हाळा वाईटच गेला. २ जुलैला इंडियानातल्या डिअर क्रीकला हजारोंच्या जमावाने कुंपण पाडलं, त्याच रात्री गार्सियाला जिवे मारण्याची धमकी आलेली. दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर शेवटचा कार्यक्रम झाला, शेवटचा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ९ ऑगस्टला व्यसनमुक्ती केंद्रात गार्सियाचं हृदय बंद पडलं. वय त्रेपन्न. डिसेंबरात बाकीच्यांनी बँड संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या अस्थींतला काही भाग पुढच्या एप्रिलमध्ये बॉब वीर आणि गार्सियाच्या पत्नीने ऋषिकेशला गंगेत सोडला. घरच्या इतरांना न विचारता केलं म्हणून त्यावरही भांडणं झालीच.

नंतरची नावं पुष्कळ: द अदर वन्स, द डेड, फर्दर, आणि २०१५ पासून जॉन मेयरला घेऊन डेड अँड कंपनी. २०१५ मध्ये सांता क्लारा आणि शिकागोला पाच कार्यक्रमांत पन्नाशी साजरी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फिल लेश गेला, आणि त्याच डिसेंबरात झाकीरभाईही. जुन्या टेपांच्या अधिकृत मालिका अजून निघताहेत आणि विकल्या जाताहेत, इतक्या की बिलबोर्डच्या पहिल्या चाळिसांत सर्वाधिक अल्बम जाण्याचा विक्रम २०२४ मध्ये या ‘एक हिट’वाल्या बँडच्या नावावर लागला. डेड अँड कंपनी ऐकावं का? साउंड उत्तम आहे, लय संथ आहे. मूळचं ऐकून झाल्यावर ऐका.

सुरुवात कुठून, तर असं करा. ‘अमेरिकन ब्यूटी’ एकदा ऐका, गाणी ओळखीची व्हावीत म्हणून. मग २७ ऑगस्ट १९७२ चा ओरेगॉनमधल्या व्हेनेटाचा कार्यक्रम. भर उन्हात, गिटारच्या तारा उतरताहेत, आणि तरी त्यातलं ‘डार्क स्टार’ ऐकण्यासारखं. त्यानंतर कॉर्नेल. भिंतीचा आवाज अनुभवायचा तर ऑक्टोबर १९७४ च्या विंटरलँडची रेकॉर्डिंग, हेडफोन लावून. पहिल्यांदा गार्सियाच्या मागे जाऊ नका, लेशचा बेस धरा, बाकीचे त्याच्याभोवती कसे फिरतात ते आपोआप कळेल. ‘लाइव्ह/डेड’ सगळ्यात शेवटी. वेळ कमी असेल तर कार्यक्रमाचा पहिला सेट (मध्यंतराआधीचा भाग) सोडून दुसरा घ्या, खरं काम तिथे असतं. आणि १९७८ नंतरच्या कार्यक्रमांत दुसऱ्या सेटच्या मध्यावर जो लांबलचक ड्रमचा तुकडा येतो त्याला कंटाळलात तर खुशाल पुढे ढकला. तेवढ्यात लघवीला जाऊन यायची प्रथा जुन्या डेडहेड लोकांतही होती.